एम.ए. आणि नेमणूक यांच्या मधली वर्षं

मराठवाड्यातल्या एका मुलाने विचारलं आहे: "घरी अडीच एकर कोरडवाहू रान. वडिलांना पाठीचं दुखणं, त्यामुळे औत माझ्याकडेच. एम.ए. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज, उरलेले दिवस घरचं काम नाहीतर दुसऱ्याच्या सोयाबीनवर मजुरी. मला कॉलेजात शिकवायचं आहे. गावातले म्हणतात, त्याला लाखांनी पैसे मोजावे लागतात. सर, तुम्ही शेतातून तिथवर कसे पोचलात? आज ते होईल का, की चार म्हशी घेऊन दुधाला लागू?"

तुला तू म्हणतो, कारण माझ्या वर्गात तुझ्याच वयाची मुलं बसतात.

शेतातून प्राध्यापक होता येतं का, याचं उत्तर सरळ आहे. येतं. आमच्या विभागात पाच जण आहोत, त्यातल्या तिघांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. पण तुझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती तू विचारलेली नाहीस. एम.ए.चा निकाल लागला की लगेच कुणी खुर्ची देत नाही. निकाल आणि कायम नेमणूक यांच्या मधे काही वर्षं जातात. माझी आठ गेली. त्या वर्षांत घर कशावर चालणार, आणि किती वर्षं थांबायचं? माझ्यापेक्षा हुशार असलेले चार-पाच मित्र मला आठवतात. त्यांतला एकही परीक्षेत कमी पडला नाही. ते त्या मधल्या वर्षांत दमले. म्हणून मी उत्तर त्या वर्षांभोवतीच देणार आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझा सल्ला कुठून येतो ते कळेल. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि मला बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवायची. 1986 ला मी दहावी झालो, तेव्हाही दुष्काळच होता. त्या उन्हाळ्यात रोजगार हमीवर नालाबंडिंगच्या कामाला मी आणि थोरला भाऊ दोघंही होतो. भाऊ खणायचा, मी पाट्या टाकायचो. बारावी तालुक्याला केली. पहाटे दोन तास रानात, मग एसटी, संध्याकाळी परत बैलांचं वैरणपाणी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. तिथे 'कमवा आणि शिका' योजनेत मला जागा मिळाली म्हणून माझं बी.ए. झालं. रोज ठरलेले तास काम, त्यावर जेवणखाण आणि राहणं. मला त्याचं वेगळं काही वाटलं नाही. घरी याहून जास्त काम होतं आणि पुस्तक उघडायला वेळ नव्हता, इथे कामाचे तास संपले की उरलेला दिवस आपला होता. कर्मवीरांनी गरीब मुलाला नुसती फीमाफी दिली नाही, त्याच्या हाताला काम देऊन त्याचा वेळ मोकळा केला. या गोष्टीचं मोल मला आज जास्त कळतं.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी सरांनी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. महाबळेश्वर आणि माझं गाव एकाच जिल्ह्यातलं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. वारा घाट चढताना थंड होतो आणि पाणी तिथेच टाकतो, उतरताना गरम होतो, ढग विरतात. सरांनी फळ्यावर डोंगराचा उभा छेद काढला आणि मला आमचे आबा दिसले. कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "ढग येतात, आपल्याला बघतात आन् जातात." आयुष्यभर त्यांना वाटत होतं की आपल्या गावावर काहीतरी कोप आहे. त्या रविवारी घरी जाऊन मी अंगणात राखेने तो डोंगर काढला आणि त्यांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपली चूक नव्हती." मी शिकवायचं ठरवलं ते त्या दिवशी.

1993 ला कोल्हापूरहून एम.ए. झालो आणि ती आठ वर्षं सुरू झाली. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, दोन कॉलेजांत शिकवायचो. पैसे दर महिन्याला यायचे नाहीत, वर्ष संपल्यावर बिल निघालं तर निघालं. मार्चनंतर काम बंद, जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही हे माहीत नाही. नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दोनदा दिली, दोन्ही वेळा गेली. 1995 मध्ये महाराष्ट्रात सेट, म्हणजे तशीच राज्याची परीक्षा, सुरू झाली. ती 1997 मध्ये पास झालो. त्यानंतरही मुलाखती देत चार वर्षं गेली. 2001 ला नेमणूक मिळाली. आता शिकवण्याला दोन तपं होऊन गेली.

या आठ वर्षांत घर माझ्यावर नव्हतं, म्हणून मी टिकलो. 1995 ला आबा गेले. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागदपत्रं ट्रंकेत भरून ठेवली आणि भावाला म्हणालो, आता मी इथेच राहतो. तो म्हणाला, "सुगीला ये, पेरणीला ये. बाकीचं मी बघतो." वहिनीने ती ट्रंक उघडून पुस्तकं परत फळीवर लावली. माझ्या नावामागे आज 'डॉक्टर' आहे, त्यातला अर्धा वाटा त्या दोघांचा आहे. हे मी सगळीकडे सांगतो, कारण एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी ऐकून मुलं एकट्याने निघतात आणि मधेच बसतात. म्हणून तुला पहिला प्रश्न: तुझ्या घरी असं माणूस कोण आहे? भाऊ, बहीण, चुलता, कुणीही. नसेल तर तुझं वेळापत्रक माझ्यापेक्षा वेगळं करावं लागेल. ते पुढे येईलच.

आता आजचं. पात्रता साधी आहे. एम.ए.ला 55 टक्के (आरक्षित प्रवर्गाला 50), आणि नेट किंवा सेट. 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट हीच किमान अट ठेवली, पीएच.डी. सक्तीची राहिली नाही. पण एवढं वाचून पीएच.डी. सोडून देऊ नकोस. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे गुणांवर ठरतं. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत कॉलेजसाठी जो तक्ता आहे त्यात पीएच.डी.ला 25 गुण आहेत. जेआरएफसह (नेटमधल्या वरच्या मुलांना मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती) नेट असेल तर 10, नुसती नेट 8, सेट 5. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. बी.ए. आणि एम.ए.च्या टक्क्यांनाही भरपूर वजन आहे. तू आत्ता दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे एम.ए.चे टक्के अजून तुझ्या हातात आहेत. साठच्या पुढे गेलास तर एक पायरी चढतोस. सोयाबीनच्या चार दिवसांच्या मजुरीसाठी अंतर्गत परीक्षा बुडवू नकोस. ते गुण नंतर कुठल्याही भावाने परत मिळत नाहीत.

तू सेटबद्दलच वाचलं असशील, कारण ती जवळची वाटते. माझं मत, नेट आधी धर आणि त्यातही जेआरएफवर डोळा ठेव. कारण तेच, मधली वर्षं. जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात आणि घरभाडं वेगळं. कोरडवाहू अडीच एकरावरच्या घराला हे उत्पन्न किती मोठं आहे ते तुला सांगायला नको. जेआरएफसाठी वयाची मर्यादा 30 आहे, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. प्राध्यापक पदाच्या पात्रतेला वयाची अट नाही, म्हणून मुलं निवांत राहतात आणि जेआरएफचं वय निघून जातं. जेआरएफ नाही झाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्ती आहेत. तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते बघ आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आजच तयार करून ठेव. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तहसीलला खेटे घालणारी मुलं मी दरवर्षी बघतो.

माझ्या वेळी तिसरा पेपर लिहून द्यायचा असे. आता सगळं पर्यायी आहे: पहिला पेपर 50 प्रश्न, दुसरा 100, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. लिहिण्याची धास्ती गेली, पण नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाच्या मुलाची घसरण इथे होते. मी दोनदा नापास झालो तेव्हा मला विषय येत होता, प्रश्न समजत नव्हता. मी उपाय केला तो सांगतो. इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला नाही. रोज इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं एकच पान घ्यायचो, त्यातल्या संज्ञा वहीत उतरवायचो, समोर मराठी संज्ञा आणि तिसऱ्या रकान्यात माझ्या गावातलं उदाहरण. शासनाच्या भाषा संचालनालयाचा भूगोलाचा परिभाषा कोश आहे, त्याचा फार आधार झाला. दीड वर्षात तीन वह्या भरल्या. तिसऱ्या रकान्यामुळे ते शब्द पाठ करावे लागले नाहीत.

शेती करत अभ्यास होतो का, हा तुझा मूळ प्रश्न. होतो, पण शेतीचं वर्ष आणि परीक्षेचं वर्ष एकमेकांवर ठेवून बघावं लागतं. नेट साधारण जून आणि डिसेंबरमध्ये असते. जून म्हणजे तुझी पेरणी. सोयाबीन काढणी, मळणी आणि लगेच हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे डिसेंबरच्या पेपरच्या तोंडावर. म्हणून परीक्षेच्या आधीच्या महिन्यात खूप वाचू, असं ठरवशील तर फसशील. तुझा खरा अभ्यास जानेवारी ते एप्रिल आणि पुन्हा खुरपणी झाल्यानंतरचा ऑगस्ट-सप्टेंबर. नवीन वाचन तेव्हा उरकायचं. सुगीत फक्त जुने प्रश्न सोडवायचे, रोज वीस. अंग दमलेलं असतं तेव्हा डोकं नवीन घेत नाही, पण ओळखीचं आठवू शकतं. मी रात्री जागून वाचायचा हट्ट दोन वर्षं केला आणि दुसऱ्या दिवशी ना धड औत ना धड पुस्तक. पहाटेचे दोन तास, रोज, त्याच वेळी, एवढ्यावर माझी सेट झाली. विहिरीला पाणी असायचं तेव्हा दारं धरताना वाफा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागायची, तेवढ्यात एक पान होई. मातीचे डाग पडलेली ती पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत.

शेतीचं आणखी एक आहे, आणि ते मी विद्यार्थ्यांना तळमळीने सांगतो. आपली माणसं शेतीला अभ्यासातला अडथळा समजतात. भूगोलात ती तुझी प्रयोगशाळा आहे. वाफसा म्हणजे काय, हे शहरातल्या मुलाला समजवायला मला अर्धा तास लागतो. तुला ते पायाला कळतं. पाऊस उघडला, दोन-तीन दिवस गेले, माती मुठीत धरली की गोळा होतो, दाबला की फुटतो. त्यामागचं शास्त्र एवढंच की मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून गेलेलं असतं, बारीक पोकळ्यांनी आपलं धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तू विहीर खणताना पाहिली असशील. वर काळी, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग पाषाण. तो मातीचा उभा छेद आहे. पुस्तकातली आकृती बघण्याआधी तू तो बघितला आहेस.

पण अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे, इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या सेटच्या लेखी पेपरात पाणलोटावर प्रश्न होता. मी आमच्या गावच्या नालाबंडिंगवर मनापासून चार पानं लिहिली. गुण आले नाहीत, आणि ते योग्यच होतं. एका गावात काय झालं ते मी सांगितलं, ते का झालं आणि दुसरीकडे का होणार नाही, हे मला मांडता आलं नव्हतं. पीएच.डी.ला मी तीच चूक दुरुस्त केली. माण खोऱ्यातल्या बासष्ट विहिरींची पाणीपातळी दोन वर्षं, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोर सोडून मोजली. अनोळखी माणसाला कुणी आपल्या विहिरीत दोर सोडू देत नाही. मी आधी गोठ्यात जायचो, खिलारी खोंडाचे दात बघायचो, मग विहिरीचा विषय. आबांनी शिकवलेलं असं उपयोगी पडलं. तुझ्या एम.ए.च्या प्रकल्पालाही गाव सोडून लांबचा विषय घेऊ नकोस. फक्त मोज. मोजलेलं असेल तर ते गावाबाहेरही चालतं.

आता पैशांचं. हे मी टाळणार नाही. मलाही एका ठिकाणी मुलाखतीआधी बाजूला घेऊन रक्कम सांगितली गेली. 1999 ची गोष्ट. घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "खालचं रान विकू." ते आमचं एकुलतं एक विहीर-बागायत रान, दीड एकर. मी नाही म्हणालो, आणि आजही त्या निर्णयावर ठाम आहे. असं मागणं बेकायदेशीर आहे, हा एक भाग. दुसरा भाग हिशेबाचा. दिलेल्या पैशाची पावती नसते. नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळेपर्यंत काहीच पक्कं नसतं, आणि मधे काही फिसकटलं तर रान गेलं, नोकरीही गेली. आमच्याच तालुक्यातल्या एका कुटुंबाचं असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षांनी मला दुसऱ्या संस्थेत एक रुपया न देता नेमणूक मिळाली. सगळ्यांना मिळेल, अशी खात्री मी देणार नाही. कोणत्या वर्षी किती जागा निघतात, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार जागांचा क्रम ठरवणाऱ्या यादीत) तुझ्या प्रवर्गाची जागा येते का, विषयाला विद्यार्थी किती आहेत, यातलं काहीही आपल्या हातात नाही. भूगोलाला काही कॉलेजांत पुरेसे तास टिकून आहेत, काही ठिकाणी विभाग बंद व्हायला आले आहेत. पण रान विकून जागा घ्यायची नाही, एवढं मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही.

मग थांबायचं किती? तारीख आधी ठरव, घरच्यांसमोर ठरव. मी ठरवली नव्हती आणि ती माझी चूक होती. भावाने कधी विचारलं नाही, पण वहिनीच्या माहेरी विचारायचे, धाकट्याचं कधी होणार म्हणून, आणि ते ऐकून घेणं तिच्या वाट्याला आलं. माझ्या मते तुझ्यासाठी असं: एम.ए. झाल्यापासून तीन वर्षांत नेट किंवा सेट. ती झाली तर पुढची पाच वर्षं पीएच.डी. आणि मुलाखती. तीन वर्षांत पात्रता परीक्षा झाली नाही, तर बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयाची वाट धर. तिथे 'टेट' म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शासनाच्या 'पवित्र' पोर्टलवरून भरती असते. अकरावी-बारावीला भूगोल शिकवणं हे कमी दर्जाचं काम आहे, असं मला मुळीच वाटत नाही. मला ज्यांनी नकाशा वाचायला शिकवलं ते सर बारावीचेच. तासिका तत्त्वाचं काम पहिली एक-दोन वर्षं जरूर कर, शिकवण्याचा हात बसतो. पण त्यावर घर चालेल असं धरून कर्ज काढू नकोस.

पहिल्या वर्षी वर्गात माझ्या 'न' आणि 'ण'वर मुलं हसायची. मी घरी आरशासमोर उच्चार घोटले, ते सुधारलेही. पण खरी भीती गेली ती एका पावसाळी तासाला. खिडकीतून ढग दिसत होते. मी पुस्तक मिटलं आणि राखेने काढलेल्या त्या डोंगराची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जतकडचा, थांबला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडं पण असंच आहे." तुझ्यासारखी मुलं शिकवायला यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं, ते त्या मागच्या बाकासाठी.

राहिल्या म्हशी. तू दूध की कॉलेज असं विचारलंस, मी म्हणेन दोन्ही, पण चार म्हशी नकोत. चार म्हशी म्हणजे पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला दीड-दोन तास, वर वैरण, शेण, डेअरी. तुझे पहाटेचे दोन तास त्यातच जातील, आणि गाभण, भाकड, आजारपण धरलं तर एक दिवससुद्धा बाहेर राहता येणार नाही. दोन असतील तर आठवड्याचा खर्च निघतो आणि वैरणीला अडीच एकराच्या बांधाचाही हातभार लागतो. दुष्काळात दोन जगवता येतात, चार विकाव्या लागतात आणि तेव्हा भाव पडलेला असतो. म्हणून दोनच घे. पण त्याआधी पहाटेची धार काढायला तुझ्याशिवाय घरात कोण आहे, ते मला कळव. त्यावरून तुझं वर्षाचं वेळापत्रक आपण दोघं मिळून मांडू.